रुमियानाच्या एकतीस फाइली

मी, मेतोदी रादेव कालायजिएव, वय वर्षं शहात्तर, राहणार बेर्कोवित्सा, चर्चच्या मागची गल्ली, घर क्रमांक नऊ, पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरं, जुळवणारा आणि नंतर घरबसल्या शोकपत्रं करणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दबावाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आज कोणता वार ते विचारलं. मी वार सांगितला, आणि तुमच्या भिंतीवर अजून गेला महिना लटकतोय हेही सांगितलं. दाखला लगेच मिळाला.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. अख्ख्या गावाचे शेवटचे कागद केले, स्वतःचा तेवढा राहिला होता.

कलम १. घर.

माझ्या मालकीचं घर, तळघर, अंगण, द्राक्षांचा मांडव आणि मागची लाकडांची पडवी हे सर्व माझी एकुलती एक मुलगी इस्क्रा, सध्या राहणार व्हॅलेन्सिया, स्पेन, हिला मिळावं. कायद्याने ते तिलाच जाणार आहे, तेव्हा मी फार उदारपणा करतोय असं कुणी समजू नये. तिने विकलं तरी माझी हरकत नाही. आमच्या गल्लीत अकरा घरं आहेत आणि संध्याकाळी तीनच घरांत दिवा लागतो, तेव्हा विकत घेणारा भेटलाच तर त्याला आधी जेवायला घालावं. उत्तरेच्या कोपऱ्यात छप्पर गळतं. खालची बादली हलवू नये.

झोपायच्या खोलीतलं डावीकडचं कपाट रिकामं आहे. ते रुमियानाचं, म्हणजे माझ्या मयत पत्नीचं. त्यात काय ठेवायचं ते मला साडेतीन वर्षांत सुचलं नाही. इस्क्राला सुचलं तर पाहावं.

कलम २. हत्यारं.

कागद कापायचं यंत्र, दोन जुळणीच्या पट्ट्या, शिशाच्या खिळ्यांच्या चार पेट्या आणि मोठं भिंग हे सर्व गावच्या वाचनालयाला द्यावं. यंत्र वापरणाऱ्याने डावा अंगठा सांभाळावा. माझ्या अंगठ्याचं टोक १९८३ सालापासून नाही.

बस स्थानकाजवळ रंगीत शोकपत्रं करणारं जे दुकान निघालं आहे, त्याच्या मालकाला माझ्याकडून काहीही नाही. फक्त एक सूचना आहे. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्याभोवती गुलाब लावू नयेत. लग्नाचं आमंत्रण समजून लोक तारीख बघायला थांबतात.

कलम ३. चेहरे.

माझ्या घरच्या संगणकात तीन हजार आठशे बासष्ट माणसांचे फोटो आणि मजकूर आहेत. यातलं एकही माणूस आज जिवंत नाही. फाटकावर, पॉप्लरच्या खोडावर, बेकरीच्या दारावर त्यांचे जे कागद लागले, ते सगळे मी केले. माणूस गेल्याचा एक कागद, चाळीस दिवसांचा दुसरा, तीन महिन्यांचा तिसरा, मग सहा महिने, मग वर्ष, आणि पुढे घरच्यांच्या अंगात बळ असेल तोवर दर वर्षी. लोक येतात आणि म्हणतात, "मेतो, गेल्या वेळचाच फोटो लाव." घरी त्यांच्याकडे फोटो नसतो. मूळ फोटो माझ्याकडे विसरलेला असतो, नाहीतर नातवाने कुठेतरी हरवलेला असतो.

एकदा एक म्हातारी नवऱ्याच्या दहाव्या वर्षाच्या कागदासाठी आली. म्हणाली, "यात तो माझ्यावर रागावलेला दिसतो रे. काही करता येईल का?" मी भुवयांमधली आठी जराशी पुसली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "नको, परत घाल. हा कुणी दुसराच वाटतो." मी परत घातली. मूळ फाइल ठेवली होती म्हणून घालता आली. हे इथे मुद्दाम लिहिलं आहे, पुढे उपयोगी पडेल.

हे सगळे चेहरे वाचनालयाने सांभाळावेत आणि मागायला येईल त्याला फोटो फुकट द्यावा.

कलम ४. ऑनलाइन बॅकअपची निवड.

२०१९ च्या हिवाळ्यात संगणकाची डिस्क किरकिर करायला लागली. तोवर माझी सगळी माणसं त्या एका डब्यात होती. तो बंद पडला असता तर गावातली सगळी मेलेली माणसं दुसऱ्यांदा गेली असती. म्हणून मी ऑनलाइन बॅकअप घ्यायचं ठरवलं, म्हणजे आपल्या संगणकातल्या वस्तूंची एक प्रत इंटरनेटवरून दूर कुठेतरी दुसऱ्याच्या यंत्रात ठेवायची.

तीन आठवडे मी सात सेवांची माहिती वाचली. वहीत रकाने आखले. कोण किती जागा देतो, कुलूप कसलं, चेहरे कुठल्या देशात ठेवणार, सगळं लिहिलं. रुमियाना चहा ठेवून जायची आणि रकाने बघून हसायची.

"एवढा विचार लग्नाच्या वेळी केला असतास मेतो, तर आपलं लग्नच झालं नसतं."

"तेव्हा सात जणी नव्हत्या," मी म्हटलं.

"एक होती म्हणून वाचलास," ती म्हणाली.

शेवटी दोन सेवा उरल्या. पहिली सेवा संगणकाशी तंतोतंत जुळती प्रत ठेवायची. इथे जे बदललं ते तिथे लगेच बदलणार, इथे जे काढलं ते तिथूनही जाणार. दुसरी सेवा जुनं सगळं ठेवून द्यायची, आठवड्यामागची प्रत, महिन्यामागची प्रत, काढून टाकलेलंसुद्धा. मला ते अडगळीचं दुकान वाटलं. मी आयुष्यभर जुळारी. मूळ कागद आणि प्रूफ यांत एका अक्षराचा फरक राहिला तर आमच्या मुख्य जुळाऱ्याने माझ्या डोक्यात पट्टी घातली असती. तंतोतंत जुळणं याच्या पलीकडे चांगलं काही असतं हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी पहिली सेवा घेतली आणि त्या दिवशी रकिया, आमची घरची दारू, प्यायलो.

इतरांनी ही चूक करू नये म्हणून सांगतो. जुळती प्रत म्हणजे आरसा. समोरचं माणूस उठून गेलं की आरशात काही राहत नाही.

कलम ५. एकतीस फाइली.

२०२० च्या शरदात रुमियानाला आजाराचं नाव सांगण्यात आलं. ती रडली नाही. तिने माझा हेडफोन मागितला, त्याला बोलायची नळी होती. रोज सकाळी, अंगात जीव असेल तेवढा वेळ, ती संगणकासमोर बसून इस्क्रासाठी बोलायची. भरल्या मिरच्यांत भात किती कच्चा ठेवायचा, बानित्साच्या पिठाचे पदर भाजायच्या आधी ओल्या फडक्याखाली का ठेवायचे, घेवड्याच्या आमटीत पुदिना कधी टाकायचा. मध्येच मला ओरडायची, "मेतो, दार लाव, थंडी येते," आणि ते तसंच राहू द्यायची. अशा एकतीस फाइली झाल्या. फोल्डरला तिने स्वतःचं नाव दिलं आणि वर स्वतःचा फोटो लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती गेली.

इस्क्रा अंत्यविधीला आली आणि परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, मला आत्ता नाही ऐकवणार. वर्षभराने ऐकेन. तोवर नीट राहील ना?"

मी म्हटलं, "दोन ठिकाणी आहे. तू निर्धास्त राहा."

हे शब्द माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

चाळिसाव्या दिवशी आमच्याकडे मेलेल्याच्या वस्तू घराबाहेर काढतात. कपडे, चपला, चष्मा, सगळं गरजूंना द्यायचं, म्हणजे गेलेलं माणूस घरात अडकून पडत नाही. हे काम घरातल्या बाईचं. माझ्या घरात बाई उरली नव्हती, म्हणून रुमियानाची धाकटी बहीण पेनका आली. मी तिला म्हटलं, "जे जे तिचं असेल ते सगळं काढ. मला विचारू नकोस." आणि मी अंगणात जाऊन बसलो.

संध्याकाळी ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "भाऊजी, कपाट झालं. चपला झाल्या. संगणकातही तिच्या नावाचं होतं, तेही काढलं. ताई आता मोकळी झाली."

मी मान हलवली. ते वाक्य मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीही पेटलं नाही. पेनका बत्तीस वर्षं नगरपालिकेत टंकलेखिका होती, तिला अर्धवट काम आवडत नाही. तिने संगणकातली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली होती. आत काय होतं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने जे केलं ते नकळत आणि बहिणीच्या मायेने केलं, हे मी शपथेवर लिहितो.

इथून निघालं तसं तिथूनही निघालं. काढलेली वस्तू ती सेवा तीस दिवस राखून ठेवायची, हे मला माहीत होतं, माझ्याच वहीत लिहिलेलं होतं. त्या तीस दिवसांत मी एकदाही ते फोल्डर उघडलं नाही, कारण मलाही ऐकवत नव्हतं. तीन महिन्यांचा कागद करायला बसलो तेव्हा वाटलं, तिचा एखादा शब्द मजकुरात घालावा. फोल्डर नव्हतं. मला वीस दिवस उशीर झाला होता. सेवेच्या लोकांना चार पत्रं लिहिली. चारही उत्तरं सभ्य होती.

मी इस्क्राला फोन करून सांगितलं, "माझ्या हातून पुसलं गेलं."

ती म्हणाली, "बाबा, तू आयुष्यभर परक्यांची तोंडं जपलीस. आईचा आवाज तेवढा जपता आला नाही तुला." तेव्हापासून ती मला नव्या वर्षाच्या दिवशी फोन करते आणि तब्येत विचारते. मी बरी आहे म्हणतो. फोन ठेवल्यावर दिवस फार मोठा होतो.

खरं काय ते मी तिला का सांगितलं नाही, ते लिहितो. रुमियाना आणि मी दोघंही छापखान्यात होतो, इस्क्राला वाढवलं पेनकाने. पेनकाला मूलबाळ नाही. नवरा लवकर गेला. इस्क्रा दर रविवारी तिला फोन करते, आणि पेनकाचा सगळा आठवडा त्या एका फोनकडे तोंड करून असतो. खरं सांगितलं असतं तर तो फोन बंद पडला असता. एकाचा गेला तेवढा पुरे, असं मी ठरवलं.

पण मेल्यानंतरही मुलीने मला तसंच समजावं, एवढा मी मोठा माणूस नाही. म्हणून हे कलम.

कलम ६. दुसरी सेवा.

यानंतर मी बॅकअपची निवड नव्याने केली. रकाने आखले नाहीत. प्रत्येकाला दोनच प्रश्न लिहून पाठवले. एक, मी आज काही काढून टाकलं आणि मला ते पाच महिन्यांनी आठवलं तर? दोन, मी मेलो तर? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने लिहिलं की आपणास दीर्घायुष्य लाभो. मग मी तीन सेवांत एकेक चाचणीची फाइल ठेवली, तीत "मिरच्या" एवढा एकच शब्द, ती काढून टाकली, आणि पाच महिने थांबलो. ज्या सेवेने ती मला जशीच्या तशी परत दिली, तीच आज चालू आहे.

तिची किल्ली बारा शब्दांची आहे. ती हरवली तर कंपनीलाही दार उघडता येत नाही, अशी रचना मी मुद्दाम निवडली. बारा शब्द बंद पाकिटात नोटरीबाईंकडे आहेत. पाकीट इस्क्राला द्यावं. माझ्या बचतीतून आधी पुढच्या दहा वर्षांची वर्गणी भरावी, मग माझं दफन, आणि उरेल ते इस्क्राचं.

त्या सेवेत चेहऱ्यांखेरीज आणखी एक फोल्डर आहे. दर रविवारी दुपारी मी हेडफोन लावतो आणि रुमियाना काय बोलली असेल ते आठवेल तसं बोलतो. माझ्या आवाजात ते सगळं खोटं वाटतं. पुदिना कधी टाकायचा ते मला अजून नक्की आठवत नाही. तरी आहे ते आहे.

कलम ७. माझा कागद.

माझं शोकपत्र तयार आहे. फोटो २०१२ चा आहे, त्या दिवशी रुमियानाने माझी कॉलर नीट केली होती. तारीख तेवढी भरावी. दहा प्रती काढाव्यात, चार लागतील. गुलाब नकोत.

कलम ८. पेनका.

माझी मेहुणी पेनका तोदोरोवा माजारोवा हिला मी काहीही देत नाही. साडेतीन वर्षं मी तिला दार उघडलेलं नाही. ती दिसली की मला ती टोपली दिसते, आणि टोपली दिसली की मी मान हलवतोय ते दिसतं. राग तिच्यावर किती आणि माझ्यावर किती, हे मला वेगळं काढता आलं नाही. कलम ५ मधली हकीकत इस्क्राने वाचावी, पण ती पेनकाला कळू नये आणि रविवारचा फोन चालू राहावा, अशी माझी इच्छा आहे.

कलम ९. साक्षीदारांविषयी.

वरची आठ कलमं मी घरी लिहिली आणि नोटरीबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, मुलगी परदेशात आहे, तेव्हा दोन साक्षीदारांसमोर केलेलं बरं. साक्षीदारांना सगळं वाचून दाखवावं लागतं. आणि ज्याला यातून काही मिळणार तो साक्षीदार चालत नाही.

मी तीन दिवस विचार केला. या गावात मला तीन हजार आठशे बासष्ट माणसं तोंडाने आणि नावाने माहीत आहेत. त्यांपैकी सही करायला येऊ शकेल असं कुणी नाही. जिवंतांत लाकडं आणून देणारा गेनो आहे. त्याला मी रकियाचं पिंप ठेवलं होतं, ते कलम खोडावं लागलं. त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, "काका, मेल्यावर दिलेलं चालत नाही ना? मग आज दे. जिवंतपणी दिलेल्याला कायदा काय करतो?" पिंप त्याच दिवशी त्याच्या गाडीतून गेलं.

दुसरं कुणी सापडेना. ज्या एका माणसाला मी काहीच ठेवलेलं नाही, तेच एक माणूस उरलं. मग मी कलम ५ आणि ८ खोडायला घेतली. पेन टेकवलं आणि परत उचललं. एकदा काढून टाकलेलं परत येत नाही, याची मला धास्ती बसली आहे. शेवटी गेनोच्या हाती पेनकाला चिठ्ठी पाठवली. तिने त्याच्याबरोबर उलट निरोप धाडला, "येते. काळा कोट घालू की साधा?"

कलम १०. नोटरी कार्यालयात, वाचन झाल्यावर, माझ्या हाताने.

वाचन झालं. बाई कलम ५ वर आल्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. "टोपलीही रिकामी केली होती" इथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढे वाचू?"

पेनका म्हणाली, "वाचा की. मी काय पळून चाललेय?"

ती बोलली तेव्हा मला पाणी मागावं लागलं. गेनो टोपी फिरवत होता. वाचन संपल्यावर पेनका म्हणाली की सही करते, पण सहीच्या वर मला चार ओळी लिहायच्या आहेत. नोटरीबाई म्हणाल्या, तशी पद्धत नाही. पेनका म्हणाली, "बाई, बत्तीस वर्षं नगरपालिकेत कागद केलेत. पद्धत मला शिकवू नका."

माझी हरकत नाही. तिला जे लिहायचं ते लिहू द्यावं आणि ते या मृत्युपत्राचा भाग समजावं. वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे आणि मला मान्य आहे, म्हणून खाली सही करतो.

बेर्कोवित्सा, गुरुवार, ७ नोव्हेंबर २०२४.

(सही) मेतोदी रादेव कालायजिएव

साक्षीदार १: गेनो असेनोव पुंचेव, लाकडांचा व्यापार. मला यातून काही मिळत नाही. (सही)

साक्षीदार २: मी, पेनका तोदोरोवा माजारोवा. सगळं ऐकलं. फोल्डर मी काढलं, टोपली मी रिकामी केली, आणि ते मला कळू नये असं जे लिहिलंय ते मला मान्य नाही. मी काय लहान मूल आहे? येत्या रविवारी पोरीचा फोन आला की मीच तिला सांगणार. मग पुढच्या रविवारी ती करो की न करो. आणखी एक. ताईचा आणि माझा आवाज एकच, फोनवर आमची आईसुद्धा फसायची. ताई गेल्यावर एकदा मी भाऊजींच्या दाराशी येऊन हाक मारली, तर आत काहीतरी पडून फुटलं. मला वाटलं, माझा आवाज यांना सोसत नाही. म्हणून तेव्हापासून मी जाते ती नुसती कडी वाजवते आणि गप्प उभी राहते. (सही)